गाद्यांच्या दुकानातला बँड

गादीवाल्याला माणूस भेटला की आधी त्याची पाठ दिसायची आणि मग तोंड. आयुष्यभर गाद्या विकल्यावर दुसरं काय होणार? रस्त्यावरून जाणारा दातांचा डॉक्टर पालथा झोपतो, समोरच्या इमारतीतल्या उंच मास्तरांचे पाय पलंगाबाहेर लोंबकळतात, चपला दुरुस्त करणारा एकाच कुशीवर झोपतो म्हणून त्याचा डावा खांदा उतरलाय, हे सगळं त्याला नुसत्या चालण्यावरून कळायचं. सांगायचा मात्र नाही कुणाला. माणसाची झोप ही त्याची खासगी बाब आहे असं त्याचं ठाम मत होतं, आणि ठाम मतं त्याच्याकडे फार नव्हती.

दुकान लांबट होतं. पुढे मोठी काच, काचेतून दुपारचं ऊन आत यायचं आणि गाद्यांच्या प्लास्टिकवर ऐसपैस पसरायचं. गिऱ्हाईक आलं की तो म्हणायचा, पडून बघा. माणसं लाजत लाजत पडायची, बूट काठाबाहेर ठेवून, पोटावर हात बांधून. थोडा वेळ किमतीबद्दल बोलायची. मग बोलण्यातले शब्द एकेक करून गळायला लागायचे, आणि एखादा चक्क झोपून जायचा. गादीवाला त्याला उठवायचा नाही. स्टुलावर बसून तो त्या माणसाचा श्वास ऐकायचा आणि बोटांनी मांडीवर हलकासा ठेका धरायचा. प्रत्येकाच्या झोपेला एक लय असते आणि ती त्याच्या जागेपणीच्या बोलण्याशी कधीच जुळत नाही, हा त्याचा शोध. "अहो, दुकान आहे की धर्मशाळा?" असं बायको गल्ल्यावरून विचारायची खरी, पण तीही आवाज खाली ठेवूनच विचारायची.

दुकानाच्या मागे गोडाऊन. तिथे गाद्या छतापर्यंत रचलेल्या, मधून एक माणूस अंग चोरून जाईल एवढी वाट, आणि वाटेच्या शेवटी, चहूबाजूंनी गाद्यांनी वेढलेली खोलीएवढी मोकळी जागा. त्या जागेत ड्रम होते. एका शाळेने संगीताचा वर्ग बंद केला तेव्हा त्याने ते उचलून आणले होते. पण वाजवायला तो त्याच्या कितीतरी आधी शिकला होता. लहानपणी वडील त्याला गादीवर तळहात आपटून बघायला लावायचे. भरण सगळीकडे सारखं असेल तर आवाज सारखा येतो, कुठे गोळा झाला असेल तर हात तिथे अडखळतो. पोरगा एका गादीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर आपटत जायचा, आणि थोड्या वेळाने वडिलांच्या लक्षात यायचं की तपासणी केव्हाच संपली, कार्टं भलतंच काहीतरी करतंय. तेव्हा थप्पीच्या टोकावर चढून बसलेली त्याची बहीण गात असायची. काय गायची ते तिलाही माहीत नसायचं.

ती बहीण आता संसाराला लागली होती, पण घरात आणि गल्लीत तिला सगळे धाकटीच म्हणायचे. मोठ्या इस्पितळात ती टेलिफोनवर बसायची. दिवसभर तिचं वाक्य एकच, "थांबा, जोडते." अर्ध्या गावाने तिचा आवाज ऐकला होता, पण तो एवढाच. चुकून फोन लागला असं सांगत काही लोक म्हणे पुन्हा पुन्हा फोन करायचे. गादीवाल्याला याचा अभिमानही वाटायचा आणि संतापही यायचा. असला आवाज, आणि लोकांची बोळवण दोन शब्दांवर.

धाकटीचे यजमान, म्हणजे गादीवाल्याचे मेहुणे, लिफ्ट दुरुस्त करायचे आणि गिटार वाजवायचे. बोलणं कमी. लिफ्ट मध्येच अडकली की आतल्या माणसांशी दाराबाहेरून धीराने बोलत राहावं लागतं, त्यातच त्यांचं सगळं बोलणं खर्ची पडत असावं. रविवारी दुपारी हे तिघं गोडाऊनमध्ये जमायचे. आपल्या बँडचं नाव त्यांनी 'कापूस' ठेवलं होतं. खरं तर दुकानात आताशा फोमच जास्त खपायचा, पण 'फोम' नावाचा बँड कुणी ऐकायला येईल असं तिघांपैकी कुणालाच वाटलं नाही.

तिथलं वाजवणं स्वप्नात चालल्यासारखं असायचं. ड्रमवर काठी पडली की आवाज उठायचा, जरासा वर यायचा आणि गाद्यांमध्ये शिरून नाहीसा व्हायचा. एकदा गेलेला सूर परत म्हणून यायचा नाही. धाकटीचा आवाज कुठून तरी दुरून निघून नेमका कानाशी येऊन थांबल्यासारखा वाटायचा. गाणी त्यांचीच होती. शब्द धाकटीने फोन जोडता जोडता जुळवलेले, आणि चाली कशा झाल्या ते कुणालाच आठवत नव्हतं. एक गाणं संपून दुसरं कधी सुरू झालं ते कळायचं नाही, दुपार सरून दिवा कुणी लावला तेही कळायचं नाही, आणि गादीवाल्याला मनापासून वाटायचं की हे असंच चालणार आहे, कायमचं.

मग एका रविवारी गिटार पिशवीत घालता घालता मेहुण्यांनी सांगितलं, की कंपनीने त्यांची बदली केली आहे. शहर लांबचं आहे, इमारती उंच आहेत, लिफ्ट भरपूर. धाकटीलाही तिथल्या इस्पितळात काम मिळतंय. पुढच्या महिन्याच्या अखेरीला निघायचं. इतकं ते एका दमात कधी बोलले नव्हते.

गादीवाला म्हणाला, छान. मग म्हणाला, लिफ्ट भरपूर म्हणजे छानच. आणि मग कितीतरी वेळ तो एकाच गादीचं प्लास्टिक नीट करत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने इस्पितळात फोन लावला आणि तिने "थांबा" म्हणायच्या आत सांगून टाकलं, की जायच्या आधी एक कार्यक्रम करायचा. खराखुरा. नातेवाईक नसलेल्या माणसांसमोर.

"दादा, नातेवाईक नसलेली माणसं आपल्याला कशाला ऐकतील?" धाकटीने विचारलं.

पण त्याचा हट्ट पक्का होता. आजवर धाकटी गायली ती वाढदिवसांना, नाहीतर आत्याच्या घरी. नातेवाईक गाणं सुरू व्हायच्या आधीच टाळ्या वाजवतात आणि ऐन कडव्यात विचारतात, सरबत घेणार का. जिला कुणाची कोण म्हणून कोणी ओळखत नाही अशी होऊन धाकटीने एकदा गावं, आणि समोरच्या परक्या माणसाने ते ऐकून गप्प बसावं, एवढंच त्याला हवं होतं. ती निघून गेली तर या गावाला कळणारसुद्धा नाही की आपल्याकडे काय होतं.

कार्यक्रम मिळवणं हे गादी विकण्यासारखंच असेल अशी त्याची समजूत होती. ती पहिल्याच आठवड्यात खोटी ठरली. मोठ्या हॉटेलच्या मॅनेजरने त्याला बसायला खुर्ची दिली आणि विचारलं, याआधी कुठे वाजवलंय? कुठेच नाही म्हटल्यावर तो म्हणाला, मग आधी कुठेतरी वाजवून या. वाचनालयाच्या चिटणीस बाईंनी तेच विचारलं. क्लबच्या दारावरच्या माणसानेही तेच विचारलं, आणि त्याला तर विचारायचा काही अधिकारही नव्हता. ज्याने कुठे वाजवलं नाही त्याला कुणी वाजवू देत नाही, आणि कुणी वाजवू देत नाही म्हणून त्याने कुठे वाजवलेलं नाही. या चक्रात गरगरून गादीवाला संध्याकाळी दुकानात आला की विक्रीच्या गादीवर सरळ आडवा व्हायचा.

शेवटी एक जुनं गिऱ्हाईक कामाला आलं. हा म्हातारा तरुणपणी बोटीवरच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचा, आता पाठदुखीपायी त्याला टणक गादीशिवाय चालत नव्हतं. त्याने गादीवर पडल्या पडल्याच चार अकलेच्या गोष्टी सांगितल्या. मोठ्या जागांच्या पायऱ्या झिजवू नका. जिथे माणसं एरवीही येऊन बसतात अशी लहान जागा बघा. मालक कामात गुंतलेला नसेल तेव्हा जा. आपण किती चांगले ते सांगू नका, नुसतं एक गाणं ऐकवा, तेही छोटं. आणि तुमच्यामागे माणसं किती येतील असं तो विचारणारच, त्याचं उत्तर तयार ठेवा. आमच्यामागे आत्या येते, असं गादीवाल्याने सांगितल्यावर ट्रंपेटवाल्याने डोळे मिटून घेतले.

मग मेहुण्यांनी गोडाऊनमध्ये एका मऊ गादीवर फोन ठेवून गाणं रेकॉर्ड केलं. तिथेच ते लावून बघितलं. शेजारच्या खोलीत कुणीतरी आपल्यासाठी गात असावं आणि मधलं दार किलकिलं राहिलेलं असावं, तसं ते गाणं येत होतं. गादीवाल्याने ते दिवसभर गल्ल्याशी बसून ऐकलं आणि एका गिऱ्हाइकाला चुकीची उशी दिली.

चौकातल्या कॅफेच्या मालकीणबाईंना सगळे कॉफीबाई म्हणत. चाळिशी उलटलेली, शब्द जपून वापरणारी बाई. गर्दी नसताना, दुपारचा, गादीवाला तिथे गेला आणि त्याने काही न बोलता फोन पुढे केला. कॉफीबाईंनी कप पुसता पुसता गाणं ऐकलं. पुसून झालेला कप त्यांनी पुन्हा पुसला. मग म्हणाल्या, मंगळवारी दुपारी या, इथे वाजवून दाखवा, जमलं तर कार्यक्रमाला एक शुक्रवार देईन. घरी आल्यावर गादीवाल्याने हे इतक्यांदा सांगितलं की शेवटी त्याने तोंड उघडलं की बायकोच ते वाक्य पुरं करायला लागली.

मंगळवारी धाकटीने अर्ध्या दिवसाची रजा काढली. गाद्या पोचवायच्या टेम्पोतून ड्रम आले. कॅफे देखणं होतं. खाली गुळगुळीत फरशी, पुढे काच, मागे आरसा, लोखंडी खुर्च्या, छत उंच. मऊ म्हणावं असं तिथे काहीच नव्हतं, आणि आत शिरताना गादीवाल्याला अवघडल्यासारखं झालं, पण ते का, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही. तो बसला आणि त्याने पहिला ठोका दिला.

जन्मभर गाद्यांवर आपटलेला हात तो. गादी उलट बोलत नाही, त्यामुळे हाताला जोर लावायची सवय. गोडाऊनमधले ड्रमही तसेच मुकाट सोसायचे. इथे पहिल्या ठोक्याला बशांमधले चमचे खणखणले. दुसऱ्या ठोक्याला कोपऱ्यात पेपर वाचणारे आजोबा उठून उभे राहिले, बहुधा मागची भिंत पडली असं समजून. गिटारचा सूर काचेवर आदळून परत आला आणि त्याच्यामागून येणाऱ्या सुराला धडकला. धाकटीचा आवाज या सगळ्याच्या वर चढायला गेला आणि चिरकला. तिने आपला असला आवाज कधी ऐकला नव्हता. ती कडव्याच्या मध्येच थांबली.

कॉफीबाई रागावल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांनी फक्त तिघांना एकेक करून निरखलं.

"रेकॉर्डिंगमध्ये कोण होतं?"

"आम्हीच," गादीवाला म्हणाला.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि त्या 'बरं'मध्ये सगळं आलं. दुसऱ्या कुणाचं तरी गाणं आपलं म्हणून ऐकवलं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

परत येताना टेम्पोत धाकटी खिडकीबाहेर बघत होती. तिला लोकांना ऐकवायला म्हणून निघालो आणि तिची शोभा करून आलो, हे गादीवाल्याच्या डोक्यातून जाईना. त्याला रडू येत होतं, आणि टेम्पो चालवताना रडता येत नाही म्हणून तो उगाच हॉर्न वाजवत राहिला.

गोडाऊनमध्ये ड्रम लावून झाल्यावर त्याने रागारागाने एक ठोका हाणला. आवाज उठला, जरासा वर आला आणि नाहीसा झाला. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. त्याने पुन्हा हाणला, अगदी जीव खाऊन. पुन्हा तेच. तेवढ्यात त्याची बायको वाटेच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. कॅफेत काय झालं ते धाकटीने तिला सांगितलं.

"मग त्यात नवल काय?" ती म्हणाली. "इथला आवाज गाद्या खातात. तिथे खायला कोण होतं?"

इतकी वर्षं ती गल्ल्यावर बसली होती आणि तिला या लोकांचं एकही गाणं धड ऐकू आलेलं नव्हतं, हेही तिने तेव्हाच सांगून टाकलं. लांब कुठेतरी कुणी अंथरूण झटकतंय, एवढंच कळायचं म्हणे.

दुसऱ्या दिवशी गादीवाला पुन्हा कॅफेत हजर. कार्यक्रमाच्या दिवशी आपण भिंतींना गाद्या लावू, माझ्या खर्चाने, असा त्याचा बेत. कॉफीबाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि सांगितलं, की माणसं माझ्याकडे जागं व्हायला येतात. भिंतीला गाद्या लावल्यावर माझी कॉफी कोण पिणार? गादीवाल्याला हसू आलं. हसता हसता त्याचं लक्ष त्यांच्या बसण्याकडे गेलं. त्या स्टुलाच्या अगदी टोकाला बसल्या होत्या, कोणी हाक मारली तर लगेच उठता यावं अशा. पापण्या जड, पण मान ताठ. आणि गादीवाल्याने जन्मात पहिल्यांदा आपला नियम मोडला.

"बाई, तुम्ही झोपत नाही," तो म्हणाला.

कॉफीबाईंना राग यायला हवा होता. तो आला नाही. त्यांनी सांगितलं, की आई बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होती. बाजूच्या पलंगावर पडून तिच्या खोकल्यासरशी उठायचं, पाणी द्यायचं, कूस बदलायची. आईला जाऊनही आता बरेच दिवस झाले. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, गादीही बदलून झाली. "गादीचा काही दोष नाही हो," त्या म्हणाल्या. "अंग झोपतं. कान जागा राहतो."

यावर आपल्याकडे गादी नाही, असं गादीवाल्याने प्रामाणिकपणे सांगितलं. मग थोडं थांबून म्हणाला, की रविवारी दुपारी आम्ही आमच्या दुकानातच कार्यक्रम करतोय. हे त्याने त्याच क्षणी ठरवलं होतं. एकदा येऊन ऐका, आणि तरीही वाटलं की रेकॉर्डिंगमधले आम्ही नव्हे, तर मी पुन्हा तोंड दाखवणार नाही. कॉफीबाई म्हणाल्या, घरच्यांखेरीज माणसं आली आणि गाणं तेच निघालं, तर शुक्रवार तुमचा. त्या रविवारनंतरच्या आठवड्याच्या अखेरीला धाकटीचं सामान निघणार होतं. शुक्रवार मिळून मिळून एकच मिळणार होता.

काचेवर कागद लागला. 'कापूस' यांची गाणी, रविवारी दुपारी, पडून ऐका. बायकोने खाली आपल्या अटी लिहिल्या, की पायातलं बाहेर काढावं, खाणंपिणं आणू नये आणि गादीवरचं प्लास्टिक ओढू नये. गादीवाल्याने त्याखाली लिहिलं, नातेवाईकांना प्रवेश नाही. आत्याने फोन करून बरंच तोंडसुख घेतलं आणि मी काय परकी आहे का असं विचारलं. परकी नाही म्हणूनच येऊ नको, हे तिला समजावताना त्याच्या नाकी नऊ आले.

रविवारी माणसं आली. दातांचा डॉक्टर आला, उंच मास्तर आले, ट्रंपेटवाला आपली टणक गादी धरून बसला, आणि कागद वाचून आत डोकावलेली कितीतरी अशी आली की गादीवाल्याला त्यांची पाठसुद्धा ओळखीची नव्हती. ड्रम गोडाऊनमधून पुढे आणले होते आणि काचेला आतून गाद्या उभ्या लावल्या होत्या, त्यामुळे दुकानात पहाटेसारखा अंधुक उजेड होता. लोक ओळीने पडले, एकमेकांना सांभाळून, पाय मोकळे सोडून. सगळ्यात शेवटी कॉफीबाई आल्या आणि पुढच्याच एका गादीच्या टोकाला पर्स मांडीवर घेऊन ताठ बसल्या.

पहिलं गाणं संथ होतं. धाकटीचा आवाज नेहमीसारखाच निघाला आणि प्रत्येकाच्या कानाशी जाऊन थांबला. कुजबुज बंद झाली. गादीवाल्याने वर बघितलं, तर अनोळखी माणसं छताकडे डोळे लावून निपचित ऐकत होती. आपल्याला हेच हवं होतं, हे त्याला कळलं, आणि ते इतकं लवकर मिळालं म्हणून तो जरा बावरलाच. दुसरं गाणं त्याहून संथ. ते चालू असताना कॉफीबाई एका कुशीवर कलल्या. मग पाय वर घेतले. मग पर्सवरचा हात सुटला आणि पर्स अलगद गादीवरून खाली गेली. तिचा आवाज झाला नाही.

तिसरं गाणं उडत्या चालीचं होतं. त्यात धाकटीचा आवाज शेवटी असा वर जायचा की मेहुण्यांसारखा माणूसही वाजवताना हसायचा. कॉफीबाईंना पटवायचं तर याच गाण्याने, असं तिघांचं ठरलं होतं. सुरुवात ड्रमची. गादीवाल्याने काठ्या उचलल्या आणि त्याला कॉफीबाईंचा श्वास ऐकू आला.

झोपेतलं त्याला कळत होतं. ही दुपारची डुलकी नव्हती. लांब, सावकाश, अगदी तळाला जाऊन मग वर येणारा श्वास होता तो. किती दिवसांची उधारी त्या झोपेत फिटत होती कोण जाणे. एक ठोका, आणि त्या उठल्या असत्या, त्यांनी धाकटीला ऐकलं असतं, शुक्रवार दिला असता. नाही दिला ठोका, तर ज्या एका माणसाला ऐकवायचं होतं तोच माणूस ऐकणार नव्हता. गादीवाल्याला बाईंचा मनस्वी राग आला. मग रागही राहिला नाही. लोक वाट बघत होते, धाकटी त्याच्याकडे बघत होती, आणि त्याने काठ्या मांडीवर ठेवल्या.

धाकटीने क्षणभर कॉफीबाईंकडे बघितलं. मग तिने उडतं गाणं सोडून भलतंच एक सुरू केलं, लहानपणी थप्पीवर बसून गायची तसलं, शब्द नसलेलं, आधीपेक्षाही हलक्या आवाजात. मेहुण्यांनी तिच्यामागे एकेक तार छेडली. गादीवाल्याने आपले हात मांडीखाली दाबून ठेवले आणि आयुष्यात पहिल्यांदा बहिणीचं गाणं न वाजवता, नुसतं ऐकलं. किती वेळ ते चाललं, हे नंतर कुणालाच सांगता आलं नाही.

गाणं संपलं तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत. उंच मास्तरांनी हात उचलले होते, पण दातांच्या डॉक्टरने झोपलेल्या बाईंकडे बोट दाखवलं आणि मास्तरांचे हात तसेच हवेत राहिले. मग सगळ्यांनीच हात वर केले आणि काही क्षण तसेच धरले. एकेक करून माणसं उठली, चपला हातात घेतल्या आणि पावलं न वाजवता बाहेर पडली. जाताना जो तो धाकटीकडे बघून मान लववत होता. त्यातल्या एकालाही तिचं नाव माहीत नव्हतं.

कॉफीबाई उठल्या तेव्हा रस्त्यावर दिवे लागले होते. बायकोने शटर अर्ध्यावर ओढून ठेवलं होतं. खळखळाट नको म्हणून ड्रम सुटे केले नव्हते, आणि तिघं जमिनीवर बसून होते. बाई धडपडून उठून बसल्या. गालावर गादीच्या शिवणीची नक्षी उमटली होती. किती वेळ झोपले असं त्यांनी विचारलं, बायकोने सांगितलं, आणि मग बराच वेळ त्या स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिल्या.

"शेवटचं गाणं झालंच नाही," गादीवाला म्हणाला. म्हणजे त्याला 'तुम्ही ऐकलंच नाही' असं म्हणायचं होतं, पण धीर झाला नाही.

"ऐकत होते मी," कॉफीबाई म्हणाल्या. "सगळं नाही. पण यांचा आवाज होता, म्हणून माझ्या कानाला जागं राहावं लागलं नाही." मग त्या धाकटीकडे वळल्या. "रेकॉर्डिंगमध्ये तुम्हीच होतात. माझं चुकलं."

गादीवाल्याच्या बायकोने पदराने डोळे पुसले आणि धूळ फार झालीये असं पुटपुटली.

"शुक्रवारी या," कॉफीबाई म्हणाल्या. "ड्रम हळू वाजवा, किंवा वाजवूच नका. आणि एक कशाला, दर शुक्रवारी या."

मेहुण्यांनी मान खाली घातली. ज्या एका तारखेसाठी गादीवाल्याने दारोदार जोडे झिजवले होते, ती मिळाली होती, आणि तिच्यामागे शुक्रवारांची अख्खी रांग उभी होती. त्याने हो म्हणायला तोंड उघडलं. मेहुण्यांनी बदलीची बातमी सांगितल्यापासून त्याने छान म्हटलं होतं, कार्यक्रम म्हटलं होतं, हजार गोष्टी म्हटल्या होत्या. एक गोष्ट तेवढी तोंडावाटे काढली नव्हती, बायकोजवळसुद्धा नाही.

"आमच्याकडे एकच शुक्रवार आहे, बाई," तो म्हणाला. "माझी बहीण चाललीये."

कॉफीबाईंनी कुठे, कशाला, काही विचारलं नाही. खाली पडलेली पर्स उचलून त्यांनी मांडीवर घेतली.

"मग तो मला द्या," त्या म्हणाल्या.

गादीवाल्याने मान हलवली. धाकटी उठून त्याच्या शेजारी येऊन बसली, आणि कॉफीबाई दाराशी जाऊन आपल्या चपला शोधू लागल्या.